शेजार, व्हाया लंडन

जागतिक साहित्यातली पारितोषिकं जाहीर झाली की आमच्या कपाटात एक पुस्तक वाढतं. वाचणारा मात्र वाढत नाही. २०२२ साली गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि'ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, तेव्हा ती हिंदी कादंबरी मी तातडीनं इंग्रजीत विकत आणली. यावरून माझ्या वाङ्मयीन जाणिवेची कल्पना यावी. ती अजून कपाटात समाधिस्थ आहे.

२० मे २०२५ रोजी तेच पारितोषिक बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प'ला मिळालं. हा मान मिळालेलं हे पहिलंच कन्नड पुस्तक आणि पहिलाच कथासंग्रह. मी पिशवी घेऊन निघालो. "अहो, आधीचं झालं का वाचून?" असं आतून ऐकू आलं, पण मी तोवर जिन्यात होतो.

या खेपेला मात्र चमत्कार झाला. मी पुस्तक वाचलं. कथा बाराच आहेत, १९९० ते २०२३ या काळात लिहिलेल्या. बानूबाई हासनच्या वकील. दक्षिण कर्नाटकातली मुसलमान घरं, त्यातल्या बायका, आणि त्यांच्या मानेवर बसलेले नवरे, भाऊ, मुतवल्ली हा त्यांचा मुलूख. बायकोसाठी महाल बांधायच्या बाता मारणारा आणि ती गेल्यावर लवकरच दुसरी आणणारा नवरा इथं भेटतो. पेप्सीला स्वर्गातलं पेय समजून तृप्त होणारी म्हातारी भेटते. गोबी मंच्युरियनपायी संसाराची माती करणारा अरबीचा मास्तर भेटतो. आपण हसत हसत पानं उलटतो आणि शीर्षककथेत घासलेटचा डबा हातात घेतलेली आई समोर येते. तिला तिची पोर अडवते. हसू घशातच राहतं. माझ्या मते ह्या बाईंची खरी ताकद ह्या हसू अडकवण्यात आहे.

दोषही सांगतो, नाहीतर मला समीक्षक कोण म्हणेल? मधूनमधून कथेतली पात्रं गप्प बसतात आणि लेखिकेतली वकील उठून उभी राहते. शेवटच्या कथेत तर थेट देवालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. खटला बिनतोड आहे, पण गोष्ट जरा मागच्या बाकावर बसते.

अनुवाद दीपा भास्ती यांचा. पारितोषिकाचे पन्नास हजार पौंड लेखिका आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात, हे वाचून मला साहेबाविषयी प्रथमच आदर वाटला. आपल्याकडे अनुवादकाचं नाव शोधायला पुष्कळदा चष्मा लागतो. भास्तीबाई म्हणतात, मी भाषांतर करताना मूळ भाषेचा हेल ठेवते. म्हणजे कन्नड, उर्दू, अरबी शब्द तसेच राहू दिलेत. ते तिरक्या टायपात नाहीत की खाली तळटीप नाही. इंग्रजी वाचताना कानात कन्नड वाजत राहतं.

हा हेल मला फार ओळखीचा वाटला. कुठं बरं ऐकलाय? मग लक्षात आलं, भिंतीपलीकडे! शेजारच्या अक्कांचं माहेर धारवाड. तीस वर्षं आमच्या घरी त्यांच्या चकल्या येतात आणि आमच्या करंज्या तिकडे जातात. मी पुस्तक घेऊन गेलो आणि ज्ञानदान सुरू केलं, "अक्का, ह्या बानू मुश्ताक म्हणून एक—"

"वाचलंय की हो, भावजी. तिच्या गोष्टी कन्नडमध्ये केव्हाच वाचल्यात मी."

म्हणजे साहित्य हासनहून निघून लंडनला गेलं, तिथं हार घालून घेतले, इंग्रजीत पुण्याला आलं आणि मग माझ्या घरात शिरलं. भिंतीपलीकडे ते आधीपासूनच होतं. उमा कुलकर्णींनी भैरप्पा आणि कारंत मराठीत आणले म्हणून निदान तेवढी दोन नावं मला ठाऊक. बाकी कर्नाटक म्हटलं की माझं ज्ञान सीमाप्रश्न आणि मैसूरपाक यांच्यात संपतं.

"मग इतक्या वर्षांत एकदाही बोलला नाहीत?" मी जरा रागानंच म्हटलं.

अक्कांनी चकल्यांची ताटली पुढं सरकवली.

"तुम्ही विचारलात कधी?"