टिळकांचे समर्पण आणि लक्ष्मीबाईंचे

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग वाचताना मन निवते. आपले म्हणून जे होते ते ख्रिस्ताच्या पायांशी ठेवले, आता त्याने ठेवावे तसे राहावे, हा भाव तुकोबांच्या वळणाने येतो. त्यामुळे तो हिंदू वाचकालाही परका वाटत नाही. पण या समर्पणाची पारख अभंगांत होत नाही. ती होते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये.

१८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी स्वतःला देवाच्या हवाली केले खरे. पण त्याबरोबर बायकोचे सोवळे, तिची नातीगोती, समाजातले तिचे स्थान, हेही सारे पणाला लागले. अभंगात ‘मी’ गळून पडतो आणि गोड वाटते. संसारात तो गळाला की त्याचे ओझे दुसऱ्या कुणाला तरी उचलावे लागते. टिळकांच्या हातचा पैसा सहज गरजवंताकडे जाई. चूल पेटवायची ती बाईंनी! बाई हे रडगाणे म्हणून सांगत नाहीत. वाचताना आपण खदखदून हसतो, आणि हसून झाल्यावर पोटात कालवते.

बाई नवऱ्यामागोमाग गेल्या नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी सोवळे सांभाळले, एकटीने विचार केला. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे स्वतःच्या मनाला पटले तेव्हा शिवाशिव सुटली. बाप्तिस्मा १९०० साली, म्हणजे पाच वर्षांनी. एखादा भाविक म्हणेल, शरण जायचे तर एवढी घासाघीस कशाला? पण ज्याने आपले मन कधी हाती धरून पाहिलेच नाही, तो देवाला देणार काय? टिळकांचा पिंडच झोकून देण्याचा. सोडणे त्यांना जड नव्हते. १९१७ साली मिशनचे काम सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, तोही त्याच स्वभावाने. बाईंना मात्र एकेक गाठ सोडवावी लागली, म्हणून त्यांचे देणे मला अधिक खरे वाटते. टिळकांच्या भक्तांना हे रुचणार नाही. त्यांनी दोघांची पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

टिळक १९१९ साली वारले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते पुढे लिहायला बसल्या लक्ष्मीबाई. शाळा त्यांनी पाहिली नव्हती; अक्षरे त्यांना लग्नानंतर टिळकांनीच शिकवली होती.