वाफेने चारा 'सुधारतो' का?

तुमच्यापैकी जे शेतीघरातले आहेत त्यांना ठाऊक असेल, ज्वारीचा कडबा पहाटे बांधतात. दहिवर पडलेलं असतं, पान मऊ असतं. दुपारी हात लावला की चुरा. अमेरिकेत युटा राज्यातल्या स्टाहेली वेस्ट कंपनीचं 'ड्यूपॉइंट' हे यंत्र असं दहिवर वाफेने तयार करतं. ते ट्रॅक्टर आणि बेलरच्या मध्ये जोडतात आणि गठ्ठा बांधतानाच वाळलेल्या लसूणघासावर वाफ सोडतात.

वाफेचं पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे 540 कॅलरी उष्णता सुटते, म्हणून थोड्याच पाण्यात पान पटकन लवचिक होतं. इथपर्यंत शास्त्र पक्कं आहे. माझा आक्षेप 'गुणवत्ता सुधारते' या दाव्यावर आहे.

लसूणघासातली निम्म्याहून जास्त प्रथिनं पानांत असतात. वाफ ती वाढवत नाही, फक्त गळू देत नाही. कापताना आणि ओळी लावताना गळालेलं पान परत येत नाही. म्हणजे ही सुधारणा नाही, नुकसान टाळणं आहे. खरा फायदा वेळेचा: दवाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून असा पेपर हातात आला की तीन गोष्टी विचारा. एक, तुलना कशाशी केली? भर दुपारी बांधलेल्या चाऱ्याशी केली, तर वाफ जिंकणारच. दवात बांधलेल्याशी केली का, ते बघा. दोन, ओलावा कुठला मोजला? दांडाच ओला असेल तर गठ्ठा आतून तापतो, बुरसतो. वाफ त्याला वाचवत नाही. तीन, नमुने किती? एकाच शेतातले, एकाच दिवशीचे वीस गठ्ठे म्हणजे वीस स्वतंत्र नमुने नव्हेत.

आता परतवाड्याकडे या. सोयाबीन-हरभऱ्याचं कुटार मळणीयंत्रातून बारीक होऊनच पडतं. तिथे वाफेने वाचवायला अख्खं पान उरतंच कुठे? 'वाफेने कुटार सुधारणे' असा विषय घेतलात, तर तीन वर्षं परक्या प्रश्नाच्या मागे जातील. कडब्याचा प्रश्न मात्र आपला आहे: पहाटे आणि दुपारी बांधलेल्या पेंढ्यांत पानाच्या वजनाचा फरक किती? वेगवेगळ्या शेतांतून, वेगवेगळ्या दिवशी मोजा. त्याला बॉयलर लागत नाही, वजनकाटा पुरतो. फरक नगण्य निघाला, तर वाफेचा विषय तिथेच मिटला.