वैरण पिकांतील रासायनिक उत्परिवर्तन : बारामती-इंदापूरच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
नीरा डावा कालवा व उजनी जलाशय यांचे पाणी लाभलेल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊस व दुग्धव्यवसाय परस्परांच्या आधाराने वाढले. तरीही गळीत हंगामात उसाचे वाढे आणि अवर्षणात चारा छावणी, हा येथील जनावरांचा अनुभव आहे. अशा भागात कडवळ, लसूणघास यांसारख्या वैरण पिकांच्या सुधारणेसाठी रासायनिक उत्परिवर्तन कितपत उपयुक्त ठरते, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन :
इथाइल मिथेन सल्फोनेट (ईएमएस) हे रसायन डीएनएतील ग्वानिनला इथाइल गट जोडते. परिणामी पुढील प्रतिकृतीत सायटोसिनऐवजी थायमिन जुळते. असे बहुतेक बदल अप्रभावी असल्याने ते दुसऱ्या पिढीत प्रकट होतात. रसायनाची मात्रा, उगवणीतील घट आणि पांढऱ्या-पिवळ्या रोपांची मोजदाद येथे आवश्यकच असते. परंतु त्यातून रसायनाची क्षमता समजते, वैरणीची गुणवत्ता नव्हे. हरितद्रव्यहीन पांढरे रोप तर कापणीपर्यंत जगतही नाही. या मोजदादीपाशी थांबणारे संशोधन गव्हाणीपर्यंत पोहोचत नाही.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात पोर्टर व सहकाऱ्यांनी रसायनाद्वारे मिळवलेल्या तपकिरी शिरेच्या ज्वारीचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी शिरेचा रंग नोंदवण्याबरोबरच लिग्निन व पचनीयताही तपासली. मात्र लिग्निन घटल्यास ताटे लोळण्याचा संभव वाढतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ मध्ये ईएमएसच्या साहाय्याने सायनाइडविरहित ज्वारी मिळवल्याचे मांडले. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या कडवळातून जनावरांना विषबाधा होते. म्हणून अवर्षणप्रवण भागास हे उदाहरण विशेष मोलाचे आहे.

लसूणघासाचा प्रश्न निराळा आहे. हे पीक चतुर्गुणित व परपरागित असल्याने एका प्रतीतील बदल उर्वरित तीन प्रतींमुळे झाकला जातो. त्यामुळे ज्वारीची कार्यपद्धती येथे जशीच्या तशी लागू करता येत नाही.

समारोप :
बारामती-इंदापूरसाठी आरंभी कडवळाची निवड अधिक सयुक्तिक ठरते. दुसऱ्या पिढीपासून सायनाइडचे प्रमाण, पचनीयता, कापणीनंतरची फूट आणि कालवा क्षेत्रातील क्षारयुक्त जमिनीत तग धरण्याची क्षमता हे निवडीचे निकष असावेत. माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था याच परिसरात आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी प्राथमिक निवड करावी आणि अशा संस्थांच्या सहकार्याने क्षेत्रीय चाचण्या घ्याव्यात. त्यानंतरच उपयुक्ततेचा निष्कर्ष काढणे उचित ठरेल.