क्रॉफर्ड-प्रकरण आणि आपले चरित्रवाङ्मय

इतिहासातील एखादे प्रकरण थोर पुरुषाच्या चरित्रात शिरले, म्हणजे त्याचे स्वतंत्र अस्तित्व बहुधा संपते. सन १८८८-८९ चे क्रॉफर्ड-प्रकरण हे याचे उदाहरण होय. आपल्या चरित्रकारांनी ते लोकमान्य टिळकांच्या सार्वजनिक जीवनातील एक पायरी म्हणून सांगितले आणि आपणही ते तसेच वाचत आलो. प्रस्तुत लेखक व्यवसायाने वकील असल्यामुळे त्यास ही मांडणी अपुरी वाटते.

हकीकत थोडक्यात अशी. आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. ज्या मंडईला पुढे महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले, ती आरंभी याच्या नावाने ओळखली जाई. गृहस्थ कर्तबगार, तितकाच उधळ्या आणि कर्जबाजारी. मध्य विभागाचा कमिशनर म्हणून तो पुण्यास असता, नेमणुका, बढत्या व बदल्या यांसाठी हणमंतराव नामक मध्यस्थामार्फत मामलेदारांकडून पैसे घेतो, असा त्याच्यावर आरोप आला. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने १८८८ मध्ये त्याला निलंबित केले. पुरावा मिळावा म्हणून पैसे देणाऱ्या मामलेदारांना अभयवचन देण्यात आले. चौकशीमंडळाने लाचेचा आरोप सिद्ध मानला नाही. परंतु हाताखालील मुलखातील लोकांकडून कर्जे काढल्याचा दोष ठरला आणि साहेबाची नोकरी गेली. मध्यस्थ हणमंतरावास मात्र शिक्षा झाली.

यानंतर वादळ उठले ते मामलेदारांवर. लाच दिल्याचे स्वमुखाने कबूल करणारे अधिकारी न्यायासनावर कसे बसू शकतात, असा प्रश्न विलायतेपर्यंत गेला. १८८९ मध्ये साक्षीदारांना संरक्षण देणारा कायदा झाला, तरी काही मामलेदारांना पदावरून दूर व्हावे लागले. टिळकांनी त्यांची बाजू घेतली. सरकारने वचन दिले आहे, ते पाळले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे कायद्याच्या व नीतीच्या दोन्ही दृष्टींनी बिनतोड होते.

येथवर चरित्रकारांशी आमचा मतभेद नाही. परंतु वचन पाळणे हा सरकारचा धर्म झाला. त्याने मामलेदार निर्दोष ठरत नाहीत. हे दोन प्रश्न निराळे असता आपल्या लेखनात ते एक होऊन बसले आणि मामलेदार हेच या कथेतील एकमेव पीडित ठरले. नोकरी जाईल या धाकाने पैसे देणारा आणि दुसऱ्याला डावलून बढती मिळविण्यासाठी पैसे देणारा, हे एका तराजूत कसे घालावयाचे? आणि मामलेदाराने दिलेले पैसे शेवटी कोणाकडून वसूल व्हावयाचे? त्याच्या कचेरीत सारा भरण्यासाठी उभी असलेली रयत या कथनांत साक्षीदार म्हणूनही डोकावत नाही.

आमचा कमलनगरचा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात, म्हणजे या वादाच्या सीमेपलीकडे होता. तथापि कचेरीच्या पायरीवरील रयतेची स्थिती सीमेच्या दोन्ही अंगांस फारशी निराळी नव्हती. म्हणून ही उणीव आम्हांस अधिक जाणवते.

विषय जुना म्हणून सोडून देण्यासारखाही नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती होऊन लाच देणाराही गुन्हेगार ठरला. मात्र सक्तीने द्यावी लागल्यास आणि सात दिवसांत अधिकाऱ्यांकडे तक्रार केल्यास त्याला संरक्षण मिळते. पुण्याच्या मामलेदारांच्या निमित्ताने पडलेला प्रश्नच येथे सुमारे १३० वर्षांनी कलमबद्ध झालेला दिसतो.

देवस्थानाच्या हिशेबात पै कोठे गेली एवढे पाहून भागत नाही. ती कोठून आली, हेही विचारावे लागते. क्रॉफर्ड-प्रकरणाचा पुढचा लेखक हा दुसरा प्रश्न विचारील, तर लोकमान्यांचे मोठेपण यत्किंचितही उणे होणार नाही, आणि जिचे नाव कोणी घेतले नाही त्या रयतेस आपल्या वाङ्मयात जागा मिळेल.