दामान, नांगर आणि डोलकर : नौकाविषयक मराठी शब्दांच्या वाचनाचा प्रश्न

मराठीतील नौका व दर्यावर्दी व्यवहारविषयक शब्दांकडे आपल्याकडे प्रामुख्याने दोन दृष्टींनी पाहिले गेले आहे. पहिली व्युत्पत्तीची. 'सुकाणू' अरबीतून आला, 'नाखवा' हे फारसी 'नाखुदा'चे रूप, 'आरमार' आणि 'पगार' ही पोर्तुगीजांची देणगी, अशा याद्या भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतून आढळतात. दुसरी दृष्टी प्रतिमेची. काव्यसमीक्षेत शीड म्हणजे आकांक्षा, वल्हे म्हणजे प्रयत्न आणि किनारा म्हणजे ध्येय, ही समीकरणे इतकी रूढ आहेत की विद्यार्थी ती कविता न वाचताही लिहू शकतो. या दोन्ही दृष्टींत शब्दाचे जहाजावरील प्रत्यक्ष काम मात्र निसटते. ते निसटल्यामुळे काही महत्त्वाच्या संहिता आपण चुकीच्या वाचत आलो आहोत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तील (सुमारे इ. स. १७१५) आरमारविषयक प्रकरण याचे ठळक उदाहरण होय. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग असल्याचे तेथील प्रतिपादन सर्वांना परिचित आहे. गुराबा व गलबते मध्यम रीतीची असावीत, जहाजांच्या लाकडासाठी रयतेची आंबा-फणसासारखी झाडे तोडू नयेत, हा भागही वारंवार उद्धृत होतो. परंतु प्रत्यक्ष दर्यावरील लढाईविषयीच्या सूचनेत 'दामान' हा शब्द येतो आणि तेथे आपले वाचन अडखळते. फारसीत दामन म्हणजे वस्त्राचा घोळ वा पदर. खलाशांच्या बोलीत तो शिडाच्या खालच्या कोपऱ्याच्या दोरासाठी आला. वारा भरला की शिडाचा हा कोपरा ज्या दिशेला वारा वाहून जातो तिकडे फुगतो, म्हणून ती बाजूही दामान ठरली. गनीम दामानवर घालून लढावे, याचा अर्थ आपण वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहावे आणि शत्रूला खालच्या अंगाला ठेवावे.

शिडाच्या जहाजांच्या लढाईत या स्थानाला अनन्यसाधारण महत्त्व होते. वरच्या अंगाला असलेले आरमार केव्हा चाल करायची, करायची की नाही, हे स्वतः ठरवते. खालच्या अंगाच्या शत्रूला मात्र वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी मार्गाने चढत यावे लागते. शिवाय तोफांचा धूर त्याच्याच डोळ्यांत जातो. हे लक्षात घेतले की अमात्यांची पुढची सूचना आपोआप उलगडते. वारा अनुकूल नसेल आणि शत्रू दामानवर येत नसेल, तर आपला जमाव कितीही मोठा असला तरी गाठ न घालता गलबते हळूहळू आपल्या बंदराखाली आणावीत, असे ते सांगतात. वर्गात हा उतारा शिकवताना पहिली सूचना शौर्याची व दुसरी सावधगिरीची, असे दोन मुद्दे आपण फळ्यावर लिहितो. (हे मीही अनेक वर्षे केले आहे.) वस्तुतः सूचना एकच आहे आणि ती वाऱ्याविषयी आहे. 'दामान' न कळल्यामुळे एका अनुभवी प्रशासकाचे तांत्रिक वाक्य आपण नीतिवचन करून टाकले.

येथे आणखी एक बाब नोंदवावीशी वाटते. शिवकालातच 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला आणि फारसी राज्यकारभारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. त्यानंतर सुमारे चार दशकांनी अमात्य दर्यावरील शब्द मात्र खलाशांचाच वापरतात. ज्या शब्दाच्या हाकेवर माणसे दोर ओढतात, तो शब्द बदलणे धोक्याचे असते, हे कारण असावे असे मला वाटते.

'नांगर' या शब्दाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. शेताचा नांगर संस्कृत 'लाङ्गल'पासून आला, तर जहाजाचा नांगर फारसी 'लंगर'पासून. उच्चार एक, कुळे दोन. भूमीत रुतणारी वस्तू म्हणून दोन्ही एकच मानून शेतकरी आणि दर्यावर्दी यांच्या 'सांस्कृतिक एकात्मते'चे विवेचन करणारे लेखन वाचताना म्हणूनच संकोच वाटतो.

तिसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. शान्ता शेळके यांचे 'मी डोलकर' हे गीत लोकप्रिय आहे. त्यातील डोलकर म्हणजे लाटांवर डोलणारा, असे मी प्रथम वर्षाच्या वर्गात सांगितले होते. कोळी कुटुंबातील एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत 'डोल जाळ्याने मासेमारी करणारा' असे लिहिले आणि मी त्याखाली लाल रेघ ओढली. डोल हे पिशवीसारखे निमुळते जाळे. भरती-ओहोटीच्या प्रवाहाला तोंड करून ते जागच्या जागी रोवतात आणि बोंबील, जवळा त्यात वाहत येतो. मुंबई-पालघरच्या किनाऱ्यावर हा शब्द आजही नित्याच्या वापरात आहे. नावेच्या हेलकाव्यांशी त्याचा काही संबंध नाही. कवयित्रीने नाद साधला, पण शब्द व्यवसायाचाच निवडला. मी फक्त नाद ऐकला होता.

असे शब्द प्रमाण भाषेत टिकतच नाहीत, असे मानण्याचे कारण नाही. शालेय भूगोलात 'खारे वारे' आणि 'मतलई वारे' ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते. किनाऱ्यावरचा 'मतलई' तेथे व्यवस्थित पारिभाषिक संज्ञा झाला आणि घाटावरच्या मुलांनाही तो अवघड गेला नाही. मराठी विभागांनी मात्र हा मार्ग फारसा अनुसरलेला नाही. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत दर्यावर्दी शब्द मोठ्या संख्येने आहेत, पण आपण तो कोश संदर्भसूचीत जितका नोंदवतो तितका उघडत नाही. दरम्यान होड्यांवर इंजिने आली, शिडे उतरली आणि शिडाचे दोर ओढलेली माणसे थकली. 'आज्ञापत्रा'च्या विद्यार्थी-आवृत्तीत 'दामान'वर चार ओळींची टीप आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी एक साधी आकृती असावी, एवढी मागणी अवाजवी नाही.

त्या उत्तरपत्रिकेचे दोन गुण मी नंतर वाढवून दिले. निकाल तोपर्यंत लागून गेला होता.