ध्रुवसमुद्रातील बेगमी : एक परिभाषाचिकित्सा

शास्त्रीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा संस्कृत की इंग्रजी, सुबोध की दुर्बोध, एवढ्याच वादाभोवती फिरत राहिली आहे. शब्द वस्तुस्थितीशी इमान राखतो की नाही, हा त्याहून मूलगामी प्रश्न मात्र मागे पडतो. ध्रुवीय समुद्रांतील प्राणिप्लवक हिवाळ्यापूर्वी शरीरात जो स्निग्ध पदार्थ साठवितात, त्याच्या वर्णनासाठी मराठीत सहज सुचणाऱ्या शब्दांची या दृष्टीने परीक्षा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली, आणि ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही गोव्यातच, वास्को येथे आहे. तेव्हा हा विषय मराठी भाषकाला परका मानण्याचे कारण नाही.

प्रथम ‘चरबी’ हा शब्द घेऊ. फारसीतून आलेल्या या शब्दाला मराठीत घट्टपणाचा आणि अतिरेकाचा अर्थ चिकटलेला आहे. ‘चरबी चढणे’ म्हणजे माजणे. ‘मेद’ हा शब्द आयुर्वेदातील सप्तधातूंपैकी एकाचा वाचक खरा, परंतु आजच्या व्यवहारात तो रोगाकडेच बोट दाखवितो. कॅलॅनस या वंशातील काही मिलिमीटर लांबीच्या कवचधारी जीवांत आढळते ते काही निराळेच. त्यांच्या पारदर्शक देहात एक लांबट पिशवी असते आणि तीत द्रवरूप तेल असते. बहराच्या अखेरीस शुष्क वजनाचा निम्म्याहून अधिक भाग या स्निग्धाचाच असू शकतो. रसायनदृष्ट्या ही बहुतांशी मेणवर्गीय एस्टरे होत. पण नुसते ‘मेण’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे मेणबत्ती उभी राहते. म्हणून ‘तैलकोश’ हा शब्द येथे सर्वांत निर्दोष ठरतो.

‘शीतनिद्रा’ या शब्दाचा दोष याहून गंभीर आहे, कारण तो चुकीचा कार्यकारणभाव शिकवितो. अंटार्क्टिक समुद्रातील कॅलॅनॉइडिस ॲक्युटस हा जीव हिवाळ्यात शेकडो मीटर खोल उतरून निश्चल राहतो. मात्र पृष्ठभागाचे पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना तेथील खोल पाणी तुलनेने उबदार असते. म्हणजे तो गारठून झोपी जात नाही. सूर्यप्रकाशाअभावी वनस्पतिप्लवकांची वाढ खुंटते, वर अन्न उरत नाही आणि भक्षकांचे भय मात्र उरते. म्हणून तो खाली जातो. उलटपक्षी त्याचाच सोबती कॅलॅनस प्रोपिंक्वस मेणाऐवजी ट्रायग्लिसराइडे साठवितो आणि त्याचे अनेक जीव हिवाळ्यातही वरच्या थरांत सक्रिय राहतात. ‘शीतनिद्रा’ म्हटल्याबरोबर हा भेदच पुसला जातो. ‘विरामावस्था’ हा साधा शब्द कारणाविषयी मौन पाळतो, आणि येथे ते मौनच शास्त्रीय होय.

आता ‘बेगमी’ या शब्दाविषयी. पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतून उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरून ठेवण्याची रीत होती; आता ती विरळ झाली आहे. आपली बेगमी पावसाळ्यासाठी असते. हिवाळा हा आपल्याकडे हुरड्याचा, सुबत्तेचा काळ. त्यामुळे ध्रुवप्रदेशातील ‘हिवाळा’ म्हणजे उपासाचा ऋतू, हे मराठी वाचकास वेगळे सांगावे लागते. ‘बेगमी’ हा शब्द ते एका फटक्यात सांगून जातो. या शब्दात दूरदृष्टीची सूचना आहे आणि प्लवकास दूरदृष्टी नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि ‘साठा’ या निर्गुण शब्दाने हेतूही हरवतो. शिवाय शेतकरी खाण्याचे धान्य आणि बियाणे वेगळे ठेवतो, हा भेद येथे फार उपयोगी पडतो. विरामावस्थेत जीवनव्यापार मंदावल्यामुळे तेल थोडेच खर्ची पडते. उरलेल्याचा मोठा भाग प्रजननाकडे जातो. आर्क्टिकमधील कॅलॅनस हायपरबोरिअसची मादी तर भर हिवाळ्यात, खोल पाण्यात, काही न खाता याच तेलावर अंडी घालते. ‘हिवाळ्याचे खाद्य’ एवढेच म्हणणे अपुरे आहे. ते बियाणेही आहे.

एक इशारा मात्र अवश्य दिला पाहिजे. देशी शब्द नेहमीच जवळचा असतो असे नाही. क्रिलला ‘जवळा’ म्हणण्याचा मोह कोकणच्या वाचकास होईल. पण आपला जवळा हा ॲसिटिस वंशाचा, क्रिलहून वेगळ्या गणाचा. क्रिल हा नॉर्वेजियन शब्द तसाच ठेवणे बरे.

२०१५ मध्ये उत्तर अटलांटिकसंबंधी प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने, हे तेल खोल समुद्रात कार्बन नेऊन सोडते असे दाखविले आणि त्या क्रियेस ‘पंप’ म्हटले. पंपामागे चालविणारा असतो. येथे तो नाही. जीव स्वतःच उतरतात आणि खोलवर श्वसन करतात. त्यास ‘स्निग्धवहन’ म्हणावे.

मराठीतून विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला व्याख्येआधी शब्द भेटतो. शब्दाने चुकीचे कारण मनात रुजविले, तर पुढची व्याख्या ते सहसा उपटू शकत नाही. परिभाषाकाराची जबाबदारी म्हणून कोशकाराहून अधिक आहे. त्याने शब्दापूर्वी वस्तू पाहिली पाहिजे.