संचालक मंडळातील स्त्रिया आणि कार्बन उत्सर्जन : एका निष्कर्षाची चिकित्सा

संचालक मंडळात स्त्रिया वाढल्या की कंपनीचे कार्बन उत्सर्जन घटते, असा निष्कर्ष सहज काढला जातो. फैजुल हक यांचा २०१७ मधील अभ्यास तो तपासून पाहतो. ब्रिटनमधील २५६ बिगर-वित्तीय कंपन्यांच्या २००२ ते २०१४ या काळातील माहितीवरून त्यांना असे आढळले की, स्त्री-संचालकांचे प्रमाण आणि उत्सर्जन घटविण्याचे उपक्रम यांत संबंध आहे. प्रत्यक्ष उत्सर्जनाशी मात्र तो दिसत नाही. उपक्रम आणि परिणाम यांतील हा भेद हेच या अभ्यासाचे बलस्थान होय.

कंपनी हेच एकक धरणे ही त्याची मर्यादा आहे. सिल्वासाजवळील अथालसारख्या औद्योगिक गावात उत्सर्जन मुख्यतः बॉयलरचे इंधन आणि वीज यांवर ठरते. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांना किमान एक स्त्री-संचालक बंधनकारक केली. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नमुन्यात शाश्वतता अहवालही द्यावा लागतो. परंतु त्यातील उत्सर्जनाचे आकडे समग्र कंपनीचे असतात. अथालमधील एखाद्या कारखान्याचा वेगळा हिशेब त्यातून मिळत नाही.

म्हणून वर्गात हा विषय शिकविताना मंडळाच्या रचनेबरोबर कारखान्यातील इंधनाचीही नोंद मागितली पाहिजे. स्त्रियांचे प्रतिनिधित्व न्याय्य आहेच. त्यासाठी उत्सर्जनाच्या अपुऱ्या पुराव्याचा आधार घेण्याची गरज नाही.